नितळ होईपर्यंत

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही साखरांबा केला. कंपवातामुळे तिच्या हातात डाव टिकत नव्हता, म्हणून ढवळायचं काम माझ्याकडे आणि सूचना तिच्याकडे. पाकात कैरीच्या फोडी काचेसारख्या होत चालल्या होत्या. मी म्हटलं, प्रयोगशाळेत आम्ही साधारण हेच करतो. मेंदूच्या तुकड्यातली चरबी काढायची, मग तो अशा द्रावणात ठेवायचा की प्रकाश कुठेही न अडखळता आरपार जातो. कापावं लागत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली आतली पेशी न् पेशी जागच्या जागी दिसते.

"मग माझाही कर," ती म्हणाली. "हा हात का ऐकत नाही, ते तूच आत जाऊन बघ. परक्याला देऊ नकोस, तो भलतंच काहीतरी शोधून काढायचा."

नाही म्हणावंसं वाटलं. मी हसले. तिने तो होकार धरला.

मेंदू द्यायचं तिने घरात सगळ्यांना आधीच बजावून ठेवलं होतं. आता त्याचा एक तुकडा आमच्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये बरणीत आहे आणि उद्या सकाळी तो द्रावणात घालायचा आहे. माझी सहकारी निखत म्हणाली, मी करते, तू येऊच नकोस. मी म्हटलं, आईने मला सांगितलंय.

रविवारची दुपार. मी नुसती आडवी होते. खिडकीतला उजेड पिवळा होत जातो, डोळा लागला की नाही ते कळत नाही.

"तिन्हीसांजेची झोपतेस काय, उर्मे?"

आई पलंगाच्या कडेला बसली आहे. तिचा हात थरथरत नाही, हेच मला आधी खटकतं. ती मला खाली बसवते आणि माझ्या डोक्यावर तेल थापू लागते. फरशी प्रयोगशाळेची आहे, गार. भिंतीशी फ्रिज घुमतो आहे.

किती दिवस लागतात, ती विचारते. मी सांगते, महिना तरी.

"आणि काढलेली चरबी?"

"ती द्रावणात उतरते. ते कॅनमध्ये साठवतो. मग गाडी येऊन घेऊन जाते."

"कुठे?"

"जाळायला."

बोटं थांबतात. "तिच्यात काही नसतं ना, ते बघितलंस?"

मी म्हणते, आठवणी चरबीत नसतात, पेशींच्या जोडण्यांत असतात, आणि त्या हलत नाहीत. तोंडी परीक्षेला बसल्यासारखी मी बोलत राहते. तेल कपाळावर ओघळतं. इतकं तेल ती कधीच घालत नसे.

"तुला मी काय हाक मारायचे गं?" ती विचारते.

मी वळून बघते. तिच्या मनगटातून पलंगाची पट्टी दिसते आहे. पलंग नव्हे, काचेच्या टाकीचा काठ आहे, आणि तिने पाय आत सोडले आहेत. घोट्यांच्या खाली पाय नाहीत. ते तिथेच आहेत, नुसते दिसत नाहीत, हे मला माहीत आहे. मीच हे विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवते. ती आणखी खाली सरकते. कंबर जाते, खांदे जातात.

"काय दिसतंय?"

मी वाकून बघते. पलीकडची भिंत दिसते.

"नीट बघ. कबूल केलंयस."

तोंड दिसेनासं झाल्यावरही आवाज येत राहतो. तो तिचा आहे की फ्रिजचा, ते मला सांगता येत नाही.

जागी होते तेव्हा काळोख झालेला आहे. दिवा लावते. उशीच्या अभ्र्यावर तेलाचा तळहाताएवढा डाग आहे, अजून ओला. तिथे कापड इतकं पातळ दिसतं की खालच्या खोळीच्या रेघा मोजता येतील. आई गेल्यापासून मी डोक्याला तेलाचं बोटही लावलेलं नाही.

खोलीत कुणी नाही. तरी मी मोठ्याने म्हणते,

"आई, मला नाही बघायचं तुझ्या आत."