मीठ बघ गं

ये, अशी जवळ सरक. फोनवर "येते काकू, येते" म्हणतेस आणि येत मात्र नाहीस. म्हटलं, कागदावर तरी हिला पुढ्यात बसवावी. लांब नको बसूस. मोठ्याने बोलायची गोष्ट नाही ही. आजवर कुणालाच सांगितलेली नाही. हे असेपर्यंत ह्यांना सांगितली नाही, मुलाला नाही, सुनेला तर नाहीच. टेकडीवरच्या देवीपुढेसुद्धा नाही. इतक्यांदा चढले, हात जोडले, आणि भलतंच काहीतरी मागून खाली आले.

आमच्या कॉलनीत मला नावाने कोण ओळखतं? माळवाल्या काकू. गळ्यातल्या तुळशीच्या माळेमुळे. आमची घरं कधीकाळी महाराष्ट्रातून संस्थानिकांच्या दरबाराबरोबर देवासला, धारला आली, इथलीच झाली. बोलण्यात हिंदी शिरली, माळवी शिरली, पण रविवारचं मटण काही सुटलं नाही. अशा घरातल्या बाईने माळ घालायची म्हणजे वशाट कायमचं बंद, अंडंसुद्धा नाही. मग लोकांना कौतुक वाटतं. लग्नाकार्यात माझं ताट वेगळं लागतं, बायका पोरींना सांगतात, बघा, मनाचा निश्चय म्हणतात तो असा असतो. मी मान खाली घालते. त्यांना वाटतं, विनय आहे.

आता का सांगते आहे? रुहीमुळे. माझी नात. इंदूरला नोकरी करते, तिखट जीभ, चिकनशिवाय एक रविवार गेला नाही तिचा. तिने परवा फोन केला — "आजी, मी नॉनव्हेज सोडायचं सोच रही हूँ, पण होत नाहीये यार. मन नाही म्हणतं आणि हात बिर्याणीकडे जातो. तू कैसे छोड़ा?" मराठी अशीच तिची, अर्धी इकडची, अर्धी तिकडची. मी तिला नेहमीची गोष्ट सांगितली. नवसाच्या बकऱ्याची. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या दिवसापासून मी शिवले नाही.

तो बकरा नव्हताच गं. कधीच नव्हता. पण त्याचे डोळे मी इतक्या जणांना वर्णन करून सांगितलेत की आता मलाच दिसतात.

आणि रुही म्हणाली, "मग ठरलं. येत्या एकादशीला तुझ्या हातून माळ घालणार." आणि फोन ठेवला तिने. माझ्या हातून?

थांब. नीट सांगते. पण त्याआधी वंसं कोण ते कळायला हवं.

वंसं म्हणजे माझी मोठी नणंद, कमळवंसं. धारला असतात. ह्यांची आई लवकर गेली, ह्यांना वंसंनीच वाढवलं. त्यांचे मालक ऐन तरुणपणी गेले, पदरात मूल नाही. घरोघरी पापड लाटायला, वड्या घालायला, सणाचा स्वयंपाक करायला जायच्या. हाताला अशी चव की काय सांगू! आणि मटण? खोबरं भाजायला घेतलं की आमच्या धारच्या गल्लीतली पोरं आपसूक ओट्यावर येऊन बसायची.

पण वंसं स्वतः खायच्या नाहीत. मालक गेल्यापासून एक घास नाही. माळ नाही, व्रत नाही, कुणाला सांगणं नाही. रस्सा उकळला की चमच्यात थोडासा घेऊन माझ्यापुढे धरायच्या, "मीठ बघ गं." मला वाटायचं, भावजयीचा लाड करतात. स्वतः चाखत नाहीत म्हणून विचारतात, हे ध्यानात यायलाच मला दोन-तीन वर्षं लागली. विचारलं नाही मी. त्यांनी सांगितलं नाही. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नसावं — पातेल्यापाशी बाई उभी आहे म्हटल्यावर ती खात असणारच, नाही का?

तर — माझं पहिलं बाळंतपण. हे तेव्हा देवासला कारखान्यात लागलेले, आम्ही भाड्याने राहायचो. घरमालकीण मोठी प्रेमळ, सगळी तिला जीजी म्हणायची. घर पक्कं शाकाहारी. कांदासुद्धा मोजून मापून. घर घेताना ह्यांनी छाती पुढे काढून सांगितलेलं, "हम लोग भी कुछ नहीं खाते." तेव्हा हसू आलं होतं मला. धारला गेलो की खायचं, देवासला आलो की तोंड पुसायचं — चाललं होतं.

मुलगा झाला आणि मी अगदी खचले. उठायला गेलं की चक्कर. वंसं धावत आल्या. माझा चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, "हिला पायाचा रस्सा पाजल्याशिवाय ही उभी राहायची नाही." मी नको म्हटलं का? नाही. मीच म्हटलं, जीजी दुपारी देवळात जातात, तेव्हा करा. बघ, हेही मीच.

धारहून लुगड्यात गुंडाळून आणलेलं जर्मलचं पातेलं, मागच्या पडवीत शेगडी, दाराच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या. वंसं चमचा घेऊन आल्या. "मीठ बघ गं." मी बघितलं. मग वाटी भरून प्यायले, दुसरी प्यायले. अंगात ऊब आली. खोटं कशाला बोलू, आजही ती चव जिभेवर आहे.

आणि जीजी त्या दिवशी देवळातून लवकर परतल्या.

दारात उभ्या. हातात माझ्यासाठी डिंकाच्या लाडवांचा डबा. हो, माझ्याच बाळंतपणाचे लाडू. नाकाला पदर लावून म्हणाल्या, "बहू, ये काय की बास आ री है?"

रागावल्या नव्हत्या गं. विचारत होत्या नुसतं. मी खरं बोलले असते तर काय झालं असतं? घर सोडायला सांगितलं असतं, कदाचित. कदाचित नसतंही. मी वाट कुठे पाहिली? मी खाटेवर पडल्या पडल्या बोलले, आणि अडखळलेसुद्धा नाही —

"जीजी, हम तो छूते भी नहीं. ये तो इनकी दीदी खाती हैं. मना किया, सुनती नहीं."

वंसं पडवीच्या दारात होत्या, हातात पळी. सगळं ऐकलं. माझ्या खाटेखाली रिकामी वाटी होती, कडेला तेलाचा लाल तवंग. जीजींची नजर तिकडे वळायच्या आत वंसं पुढे आल्या आणि पायाने ती वाटी आत सारली. अगदी हळू. आवाज होऊ दिला नाही. मग जीजींना म्हणाल्या, "गलती हो गई. मैं ले के जाती हूँ."

संध्याकाळच्या बसने गेल्या. पातेलं घासून, पडवी धुऊन. जाताना बाळाच्या टाळूवर तेल घातलं. माझ्याकडे रागाने पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं मी किती वर्षं म्हणत आले. पण तेही माझंच सुख बघणं झालं, नाही का?

ह्यांना मी सांगितलं, वंसंना धारला काम निघालं.

मग भीती बसली. जीजींचा विश्वास पक्का करायचा कसा? बाळ थोडं मोठं झाल्यावर आम्ही नर्मदेवर गेलो, धरमपुरीला. घाटावरच्या दुकानात माळा टांगलेल्या. एक घेतली आणि स्वतःच गळ्यात घातली. माळ अशी घ्यायची नसते. कुणा माणसाच्या हातून घ्यायची, त्याच्यासमोर शब्द द्यायचा. मी कुणाला शब्द दिला? आरशाला. परत आल्यावर जीजींनी माळ पाहिली आणि माझ्याच, माझ्या पाया पडायला वाकल्या. मी पाय मागे घेतले नाहीत.

तेव्हापासून खाल्लं नाही, हे खरं आहे. जीजींचं घर सुटलं, आमचं स्वतःचं झालं, तरी नाही. पण न खाणं वेगळं आणि सोडणं वेगळं. सोडलं वंसंनी. मी फक्त पकडली गेले नाही. आजही शेजारी रविवारचा मसाला परतला जातो तेव्हा मी वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालायला बाल्कनीत जाते. तोंडाला पाणी सुटतं. त्याची नाही मला लाज. भूक आहे ती, तिने कुणाचं काय वाईट केलं?

लाज पुढची आहे.

जीजींचं माहेर धारचं. बोलणं तिकडे पोचलं. वाईट हेतूने नाही, बायका बोलतात तसं. ज्या घरांतून वंसंना पापडांना, सणावाराला बोलावणं यायचं, ती शाकाहारी घरं हळूहळू बंद झाली. माझ्या आईनेच मला सांगितलं, तीही धारची. "तुझ्या नणंदेला आता त्या गल्लीत कुणी चुलीला हात लावू देत नाही. विधवा बाई आणि मटण चापते म्हणतात." मी पोळ्या लाटत होते. "हो का?" म्हणाले, आणि पोळी उलटली.

हो का. एवढंच. एक बस पकडून त्या गल्लीत जायचं होतं, चार दारांत उभं राहायचं होतं. मी पोळी उलटली.

वंसं मग साड्यांना फॉल लावू लागल्या. डोळे त्यातच गेले.

आणि एवढं होऊन तुला वाटेल, चला, जुनी गोष्ट, तरुण वय. नाही गं. गेल्या दिवाळीनंतरचं ऐक. रुहीला घेऊन मी धारला गेले. वंसं आता अंगणाबाहेर पडत नाहीत, पण जीभ शाबूत आहे. रुहीला पाहून म्हणाल्या, "ही काय गं, हिचे केस कोणी कुरतडले?" रुही खिदळली. दोघींचं छान जमतं. बोलता बोलता रुही म्हणाली, "धारच्या आजी, तुम्ही पण छोड़ दो ना आता मटण-बिटण. आजी बघा, किती वर्षं झाली सोडून!"

घरातही तेच पोचलेलं होतं, बघ. कोणी पोचवलं असेल?

वंसंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. हसल्या, सुपारी कातरत म्हणाल्या, "माझं मेलीचं कसलं सुटतंय आता! तुझ्या आजीइतकं मन घट्ट नाही बाई माझं."

खोली एवढीशी. मी हाताच्या अंतरावर. गळ्यात माळ. तेव्हा जीजी नव्हत्या, भाडं नव्हतं, तान्हं मूल नव्हतं. नवरा नव्हता, सासर नव्हतं. कुणाला भ्यायचं होतं मला? आपल्याच नातीला? आणि मी काय बोलले सांगू? मी म्हणाले, "चला, बस चुकेल."

म्हणजे वंसंच्या तोंडावर दोनदा. एकदा खाटेवर पडून, आणि एकदा चांगली धडधाकट बसून.

माळ मी काल काढली. देवापुढे नाही ठेवली, तिथे ठेवायचा हक्क नाही. खिडकीत आहे. रुही एकादशीला येणार; तिला मी धारला नेणार आहे. वंसंसमोर सांगणार, वंसंचं नाव घेऊन, वाटीसकट. रुहीने मांस सोडावं की खावं ते तिचं ती ठरवेल. विचारायचंच असेल तर ज्या बाईने खरोखर सोडलं तिला विचारेल. वंसं काय म्हणतील, मला ठाऊक नाही. त्यांनी काही म्हणावं असंही मी म्हणत नाही.

आणि तुला आधी का सांगितलं? कारण तू माझी कुणी लागत नाहीस. तुझ्यापुढे सांगणं सोपं. हाही भित्रेपणाच, कळतं मला.

पण ये. देवासला उतरलीस की कॉलनीत माळवाल्या काकू कुठे राहतात म्हणून विचारू नकोस. निळ्या फाटकाचं घर विचार. पटकन कुणी सांगणार नाही, थोडं शोधावं लागेल. तरी ये, लवकर ये.