नापास करणारा माणूस

भोये गेल्याची बातमी मला माझ्या जुन्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कळली. मी तेव्हा जव्हारला, आमच्या शाळेत, नववीच्या पोरांना नाटकातलं रडणं शिकवत होतो. मला खरं रडू यायच्या आत प्राचार्यांची श्रद्धांजली येऊन थडकली... 'आपल्या लाडक्या सोनवणे मॅडम यांच्या जाण्याने न भरून येणारी पोकळी.' सोनवणे मॅडम मागच्या वर्षीच गेल्या. जुना मजकूर उचलून चिकटवताना नाव बदलायचं राहिलं होतं. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. चूक कुणीच दाखवली नाही, कारण कुणी वाचलंच नव्हतं. मी मोठ्यानं हसलो. जन्मभर नकलेशी भांडलेल्या माणसाला निरोपही नकलेचा!

भोये खोडाळ्याचा. भाताच्या, नागलीच्या शेतातून आलेला, घराण्यातला पहिला प्राध्यापक. आमच्या डोंगरातल्या एका छोट्या कला महाविद्यालयात तो इतिहास शिकवायचा. सगळ्यांचा भोये सर, माझा नुसता भोये. बोहाड्यात, म्हणजे गावच्या रात्रभराच्या मुखवटे-नाचात, मी रावणाचं सोंग घ्यायचो आणि तो माझा मुखवटा बांधायचा, इतका आवळून की सकाळी कान जागेवर आहेत का ते चाचपावं लागे. "गच्च बांधलेला बरा," तो म्हणायचा, "तू तोंड उघडलंस की रावणाची अब्रू जाते."

त्याचं कॉलेज म्हणजे मात्र बिनमुखवट्याचा बोहाडा. बरेचसे प्राध्यापक नाशिकहून एकाच गाडीतून येत, चहा पीत, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत आणि ऊन कलायच्या आत परतीचा घाट गाठत. भाताची झोडणी झाली की निम्मी पोरं आईबापांबरोबर वीटभट्टीवर जात. त्यात पोरांचा काय दोष? पोट आधी. पण ती परत आल्यावर त्यांच्यासाठी जादा तास घ्यावेत, असं कुणाच्या मनातही येत नसे. परीक्षेच्या तोंडावर हातात गाईड द्यायचं, ठरलेली उत्तरं पाठ करून घ्यायची, की झाली पदवी. शिकवणारे गाडीत, शिकणारे भट्टीवर आणि निकाल शंभर टक्के! दहा तोंडं असूनही रावणाला ही जादू जमली नसती.

भोये तिथंच राहायचा आणि भट्टीवरून आलेल्यांचा वर्ग पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. त्याची तोंडी परीक्षा दोनच वाक्यांत मावायची. "पुस्तक मिट. आता तुझ्या शब्दांत सांग." पोशेऱ्याची मंजुळा ही त्याची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. तिला एम.ए. करून प्राध्यापक व्हायचं होतं. तिनं फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं धबधब्यासारखी म्हणून दाखवली आणि भोयेनं तिला नापास केलं.

"सर, एक पण शब्द चुकला नाय माझा," ती रडवेली झाली.

"म्हणूनच. हे गाईड बोललं. तू कधी बोलणार? पुढच्या आठवड्यात परत ये."

मी त्याला म्हटलं, "अरे, वर्गातली एकुलती एक हुशार पोर, तिलाच कापलीस?"

"तिला पुढं जायचंय, म्हणून कापली. उद्या एम.ए.च्या वर्गात कुणी साधा प्रश्न विचारला तर ही गाईड शोधत बसेल."

ती पुन्हा यायच्या आतच मूल्यांकन समितीची तारीख आली. समितीपुढे एकही नापास विद्यार्थी चालणार नव्हता, म्हणून प्राचार्यांनी भोयेला न विचारता मंजुळाला पास करून टाकलं. मग नमुन्याचा तास बसवायला घेतला. भोये साफ नाही म्हणाला, म्हणून इतिहास शिकवायला भूगोलाचे सर उभे केले. भट्टीवरची पोरं एका दिवसासाठी आणवली. मी माजी विद्यार्थी म्हणून मागच्या खुर्चीत होतो. इतकं भिकार दिग्दर्शन मी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातही पाहिलेलं नाही! सरांनी ठरलेला प्रश्न विचारला, मंजुळानं ठरलेलं उत्तर घडघडा म्हटलं, समितीनं टाळ्या वाजवल्या. ती खाली बसली आणि मागच्या बाकावरच्या एका पोरानं अगदी मनापासून विचारलं, "सर, आता कोणाचा सोंग येणार?"

बोहाड्यात एक सोंग नाचून गेलं की दुसऱ्याचा पुकारा होतो. बिचाऱ्याला वाटलं, इथंही तसंच. प्राचार्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. मी हसू रुमालात दाबलं. आणि समितीचे अध्यक्ष? त्यांनी सोंग म्हणजे काय याची चौकशी केली, खूश झाले आणि लोककलेतून अध्यापन करण्याचा अभिनव प्रयोग म्हणून कॉलेजला वरची श्रेणी देऊन गेले!

मी ते व्हरांड्यात भोयेला साभिनय करून दाखवलं. तो हसला नाही. "बोहाड्यात मुखवटा असतो रे," तो म्हणाला. "बघणाऱ्याला माहीत असतं आत कोण आहे. इथं त्या पोरीलाच माहीत नाही की तिला काही येत नाही." त्याच आठवड्यात तो दवाखान्यात पडला. मंजुळाची परीक्षा घ्यायची राहिली, हे तो तिथंही बोलला... छातीचं दुखणं त्याला उठू देईना.

शोकसभेला मोठा फ्लेक्स, त्यावर भोयेपेक्षा प्राचार्यांचा फोटो मोठा. 'विद्यार्थिप्रिय', 'ज्ञानतपस्वी'... शिसारी आली. तेवढ्यात मंजुळा उभी राहिली. "सरांनी मला नापास केला होता. मला ती परीक्षा परत द्यायचीय. कोण घेणार?"

भूगोलाचे सर बुटाकडे बघू लागले. "बाळ, तू पास आहेस," प्राचार्य म्हणाले. "आता दोन मिनिटं शांतता." ती तर आधीच पसरली होती.

पुढच्या रविवारी मी तिला खोडाळ्याला भोयेच्या घरी घेऊन गेलो. त्याच्या खोलीत एकच खुर्ची. आलेल्या विद्यार्थ्याला ती द्यायची आणि आपण भाताच्या पोत्यावर बसायचं, ही त्याची रीत. भोयेच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, मंजुळाला खुर्चीत बसवलं आणि नागली पाखडायला सूप घेऊन त्या स्वतः पोत्यावर बसल्या. मी दाराशी उभा. मला रावणाचे संवाद येतात, फ्रान्सचं काय कळणार?

मंजुळानं सुरुवात केली, "राज्यक्रांतीची सामाजिक, आर्थिक व राजकीय कारणे पुढीलप्रमाणे..."

वहिनींनी सूप थांबवलं. "मला नाय समजला. कोण लोक? त्यांचा काय झाला होता?"

मग तिनं दुसरीकडून सुरुवात केली, अडखळली, पुन्हा केली. दुपारपर्यंत वहिनींपुढे ती नापासच होत होती, आणि एकदाही खुर्चीवरून उठली नाही.