हलव्याचं टोपरं

काळाचौकीला आमच्या चाळीत बाळाचं बोरन्हाण ठरलं, की हलव्याचं टोपरं जाईबाईंकडेच. हल्ली बायका गोंदाने दाणे चिकटवतात. जाईबाईंना ते मुळीच पटत नाही. मूल टोपरं चोखणारच, मग पोटात गोंद घालायचा काय? काळं कापड हाताने शिवायचं, हलव्याचा एकेक दाणा दोऱ्याच्या फासात धरून टाक्याने बसवायचा, हा त्यांचा खाक्या. बोटांना घाम आला की हात पुसत बसतात, नाहीतर साखर सुटते.

यंदाचं टोपरं त्यांच्या स्वतःच्या नातीचं होतं. पण नात चिंचपोकळीला, आईच्या माहेरी. श्रावणात त्यांच्या मुलाने, राकेशने, बायकोवर हात उचलला. नम्रता जिवाच्या आकांताने ओरडत होती आणि जाईबाई गॅलरीकडचं दार लावून घेत होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची! कसली मूठ न्‌ कसले लाख, अख्ख्या मजल्याने ऐकलं. दुसऱ्या दिवशी नम्रता तान्ह्या पोरीला घेऊन निघून गेली. मला जाईबाईंचा राग येतो, आणि तरी त्यांची ती खाली गेलेली मान बघवत नाही.

रथसप्तमी तोंडावर आली तशी टोपरं डब्यात घालून त्या निघाल्या. नात डोळ्यांना दिसावी, जमलं तर दोघींना घरी आणावं, एवढीच आस. एकटीने जायचा धीर नव्हता म्हणून मला सोबत ओढलं.

नम्रताने पाणी दिलं. टोपरं लेकीच्या डोक्यावर घालून पाहिलं. अंदाजाने शिवलेलं, पण बरोब्बर बसलं. जाईबाईंनी हात पुढे केले, तशी पोर आईला बिलगून रडायला लागली. आजीला ती विसरली होती.

"चुकलं गो माझं," जाईबाई म्हणाल्या. "चल ना घरी."

"आई, त्याने पुन्हा मारलं तर तुम्ही काय कराल?"

मी मनातल्या मनात ओरडत होते. बोला जाईबाई, मध्ये पडेन म्हणा, त्याला घराबाहेर काढेन म्हणा! त्या पदराचं टोक पिळत बसल्या. नम्रताने वाट पाहिली. मग टोपरं काढून डब्यात ठेवलं.

"छान झालंय. पण घेऊन जा."

घरी राकेश पिऊन बसला होता. त्याने डबा उघडला आणि टोपऱ्यावरचे दाणे नखाने उपटून चकण्यासारखे तोंडात टाकायला लागला. मी दारातच थबकले. जाईबाईंनी पदर खोचला.

"जेवायला वाढू?" त्यांनी त्याला विचारलं.