कौशल्याबाईंनी अडवलेला झगा

कौशल्याबाई भिंगारदिवे यांचं शिलाई मशीन भोसरीच्या एका गल्लीत एकवीस वर्षं चालू आहे. नवरा कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेस शॉपमध्ये कामाला होता. तो गेला तेव्हा मिनल सहा वर्षांची. बाईंनी ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवून पोरीला वाढवलं. चर्चच्या पाळकांचे पांढरे झगेही त्याच मशीनवर शिवले, सेवा म्हणून. चार पाळक आले आणि बदलून गेले. कुणाचा एक खांदा उतरता, कुणाचं पोट सुटलेलं. मंडळीला त्यातलं कधी काही दिसलं नाही. बाईंच्या कात्रीत ती अक्कल होती.

बाई जुन्या वळणाच्या. उपासनेला पांढरी इस्त्रीची साडी, डोक्यावर पदर. मिनलने जीन्स चढवली की घरात भांडण ठरलेलं. "देवाच्या दारी तरी नीट कापडं घालून चल गं," त्या म्हणायच्या. तेव्हा गेल्या वर्षी आलेल्या नव्या पाळकसाहेबांनी दाराशी पोशाखाचा बोर्ड लावला, त्याचं त्यांना काही वाईट वाटलं नव्हतं. उलट बरंच वाटलं होतं. स्त्रियांनी साडी नाहीतर ओढणीचा ड्रेस घालावा. पँट, टी-शर्ट, कामाचे कपडे चालणार नाहीत, असं त्यावर लिहिलं होतं आणि खाली पाळकसाहेबांची सही.

मिनल चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत माल तपासायला. मार्चच्या पहिल्या रविवारी ती रात्रपाळी करून सुटली. कंपनीच्या बसने तिला पावणेनऊला चर्चच्या वळणावर सोडलं. घरी जाऊन कपडे बदलायचे तर भाकरी-द्राक्षरसाचा प्रभुभोजनाचा विधी चुकणार, म्हणून ती राखाडी शर्ट-पँट आणि जड सेफ्टी शूज घालून तशीच दारात आली. चर्च कमिटीचे सेक्रेटरी दादासाहेब साळवे दारातच उभे होते.

"मिनल, बोर्ड वाचला का?"

"काका, शिफ्टवरून सरळ आलेय. मागं कोपऱ्यात बसते."

"एकीला सोडलं की सगळ्यांना सोडावं लागतं. बाहेर बाकावर बस. पाळकसाहेब प्रभुभोजन तिथंच आणून देतील."

कौशल्याबाई आत पुढच्या ओळीत होत्या. त्यांना पत्ताच नव्हता. घरी आल्या तेव्हा मिनल बूटसुद्धा न काढता खाटेवर बसलेली.

"आलीच न्हाईस गं?"

"आले होते. मला बाहेर बसवलं, आई. प्रभुभोजन बाहेरच घे म्हणाले. मी उठून आले."

बाहेर! बाईंच्या डोक्यात सणक गेली. त्यांच्या आजीला नगरकडच्या गावात विहिरीपासून लांब उभं राहावं लागायचं; कुणी वरून घागर ओतेल तेव्हा पाणी. त्या 'बाहेर'ला विटूनच आजाने बाप्तिस्मा घेतला होता. आणि त्याच्या पणतीला आता चर्चने बाहेर बसवलं? रात्रभर उभं राहून कष्ट केलेल्या पोरीला? आणि आपण तो बोर्ड वाचून मान डोलावली! त्यांना दादासाहेबांचा राग आला, पाळकांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

ईस्टरचा आठवडा आला तेव्हा पाळकसाहेबांचा सणासाठीचा नवा झगा शिवून झाला होता, बाह्या तेवढ्या लावायच्या होत्या. मापाला म्हणून त्यांचा जुना झगाही बाईंकडेच. बाईंनी दोन्ही घडी करून कपाटात टाकले आणि कुलूप लावलं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी दुपारी दादासाहेब झगा न्यायला आले.

"तो बोर्ड खाली उतरवा, मग न्या," बाई म्हणाल्या.

"मावशी, ही चर्चची वस्तू आहे."

"माझी पोरगी चर्चची न्हाई व्हय?"

संध्याकाळी पाळकसाहेब स्वतः आले. बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनी समजावणीच्या सुरात सुरुवात केली. "बाई, नियम कमिटीचा आहे. देवासमोर जाताना माणसानं आपलं उत्तम ते घालावं, एवढंच म्हणणं आहे."

"ती अंगावर कष्टाचं कापड घालून आली होती. त्याहून उत्तम काय असतं?"

"पण उद्या मी झग्याशिवाय वेदीपाशी कसा उभा राहू? लोक काय म्हणतील?"

"माझ्या पोरीला लोक काय म्हणले, ते इचारायला आला होता का कुणी?" बाईंचा आवाज चढला. "सेक्रेटरीला दारात उभं केलंत, पण सही तुमची हाय! प्रभूनं कोळ्यांना जाळ्यावरनं उठवून बोलावलं. आधी आंघोळ करून या म्हणला का?"

पाळकसाहेब पाणी न पिता उठले.

ईस्टरला ते साध्या शर्ट-पँटमध्ये वेदीपाशी उभे राहिले. झग्याशिवाय माणूस लहानखुरा दिसत होता, खिशाला पेन लावलेला. मंडळीत कुजबुज सुरू झाली. उपदेश करताना ते दोनदा अडखळले. उपासना संपल्यावर सत्तरीच्या केसरबाई भर अंगणात मोठ्यांदा म्हणाल्या, "शर्टातबी देवाचं वचन ऐकू आलं की!" लोक हसले. पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. कौशल्याबाईंना मात्र हसू आलं नाही.

त्याच आठवड्यात बोर्ड निघाला. रंगकामासाठी काढलाय, असं दादासाहेबांनी सांगितलं. चूक झाली म्हणून भिंगारदिव्यांच्या दारात कुणी आलं नाही. बाईंनी बाह्या लावल्या आणि दोन्ही झगे चर्चच्या शिपायाकडे देऊन टाकले. शब्द दिला होता, तो पाळला.

"बोर्ड काढला गं. आता चल," त्या मिनलला म्हणाल्या.

"तू जा, आई. मला त्या दारात परत उभं राहायचं नाही."

मिनल आता सांगवीला एका भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या दुसऱ्या मंडळीत जाते. कौशल्याबाई जुन्याच चर्चला जातात. नवऱ्याची अंत्यविधीची उपासना तिथं झाली होती, ती जागा त्यांना सोडवत नाही. दर रविवारी दादासाहेब दारात हात जोडून, मंडळीच्या रिवाजानं, "सलाम, मावशी" म्हणतात. बाई त्यांच्याकडे बघत नाहीत, पदर घट्ट ओढून आत जाऊन बसतात.