पावफेरे आणि आठवा स्क्रू

कोणताही स्क्रू एका दमात पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवायचा नाही, असा एका माणसाचा नियम होता. पाव फेरा पुढे, थोडा मागे, मग पुन्हा पाव फेरा. चाकणच्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये त्यांनी आयुष्यभर असंच काम केलं, म्हणून तिथल्या लोकांनी त्यांचं नावच पावफेरे ठेवलं. मला ते आडनाव वाटलं. तुमच्या बाबाच्या लग्नाची पत्रिका मी ‘श्री. पावफेरे, सहकुटुंब’ अशी लिहून पाठवली. ते आले, जेवले आणि निघताना म्हणाले, “बाई, पत्रिका जपून ठिवलीय. घरची मंडळी दोन दिस हसतायत.” खरं आडनाव त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही.

त्यांच्या मुलीला मी शाळेत शिकवलं होतं, म्हणून त्यांच्यासाठी मी कायम ‘बाई’च. ते मूळचे कुरुळीचे. जमीन कंपनीत गेली आणि त्याच जमिनीवर ते कामाला लागले. निवृत्तीनंतर काळेवाडीत मुलीच्या घराखाली त्यांनी शिलाई मशीन आणि मिक्सर दुरुस्त करायचं दुकान काढलं. एकदा हिंजवडीला निघालेला एक तरुण दारातूनच म्हणाला, “काका, लवकर करा ना, कॅब थांबलीय.” पावफेरे मान वर न करता म्हणाले, “मग जा की. मिक्सर हितंच ऱ्हाईल, कॅब न्हाई ऱ्हायची.”

अद्वैत आणि ईरा, आता जे लिहिते आहे ते मी तुमच्या बाबालाही सांगितलेलं नाही.

तुमच्या आजोबांची चार जाड तारांची बास गिटार तुम्हाला माहीत आहे. कंपनीच्या ऑर्केस्ट्रात त्यांनी ती तीस वर्षं वाजवली. ते गेल्यावर वर्षश्राद्धाच्या आधी मी घर आवरायला काढलं, तेव्हा तीही काढली. तारा जिथे टेकतात ती धातूची घोडी काळवंडली होती. देवाची तांब्याची भांडी मी जशी घासते तशीच ती चिंच आणि मीठ लावून घासली, ओल्या फडक्याने पुसली. घोडीवर प्रत्येक तारेखाली एक लहानसा तुकडा असतो, त्याला दोन बारीक स्क्रू असतात, आणि ते फिरवले की तार वरखाली होते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं की चारही तुकडे एका रेषेत नाहीत. फडताळातले डबे सारखे करावेत तसे मी ते स्क्रू फिरवून सारखे केले. आठातले सात फिरले. सगळ्यात जाड तारेखालचा एक काही केल्या हलला नाही, म्हणून तो तुकडा एका बाजूने वर राहिला. तो वाकडेपणा मला फार खुपला.

मग अद्वैत, तू फोनवर म्हणालास, “आजी, डिसेंबरमध्ये आलो की आजोबांची गिटार घेऊन जाणार. वाजेल ना ती?” मी गिटारची पेटी उघडली. घोडीवर तांबूस पापुद्रे आले होते, आठही स्क्रू गंजून बसले होते आणि तारा लाकडावर टेकून नुसत्या खरखरत होत्या. वाद्यांच्या दुकानदाराने नवी घोडी दाखवली, पण तिची भोकं जुळेनात. तशी मी गिटार उचलून काळेवाडी गाठली.

पावफेऱ्यांनी चष्मा सरकवून घोडी पाहिली. “पाण्यानं धुतली का?”

“चिंच-मिठाने,” मी म्हणाले.

त्यांनी एक तांबूस पापुद्रा नखाने उचकटला. मग म्हणाले, “एका स्पेलिंगपायी माझ्या पोरीला धा वेळा लिवायला लावलं व्हतं तुमी. आता तुमास्नी किती येळा लावू?”

“शंभर. काय लिहू?”

“लोखंडाला मीठ न्हाई.”

घोडी गिटारवरून सोडवून त्यांनी ती तेलात बुडवायची ठरवली आणि मला झाकणाची बरणी आणायला सांगितलं. मी लोणच्याची स्वच्छ धुतलेली बरणी नेली. त्यांनी ती नाकाशी धरली आणि परत दिली. “ह्यात मीठ मुरलंय, बाई. दुसरी आणा.”

दर गुरुवारी मी जाऊन बसायची. तेलात मुरलेल्या घोडीवर पितळी ब्रश फिरायचा, मग एकेका स्क्रूला सोल्डरिंगच्या सळीने ऊब द्यायची, मग पाना. पण सोडवताना ते आधी स्क्रू आवळायचे. “उलटा का फिरवता?” मी विचारलं. “बसलाय त्या दिशेनं इवलासा जाऊ द्यायचा. मंग माघारी यायला राजी हुतो.” एखाद्या गुरुवारी एकही स्क्रू हलत नसे. मी चेहरा पाडला की म्हणायचे, “आज तेल काम करतंय. आपुन च्या घ्यायचा.” मीही हट्टी आहे. कंबरेचं दुखणं होतं तरी एक गुरुवार चुकवला नाही. असे सात स्क्रू सुटले. नोव्हेंबर उजाडला आणि आठवा तसाच होता.

“ड्रिल मारा,” मी म्हणाले. “नातू यायला महिना उरलाय. काढा तो एकदाचा.”

“मारतो की.” त्यांनी ड्रिल काढलं, घोडी शिकंज्यात धरली आणि थांबले. “बाई, ह्यो तुमी फिरवला व्हता का?”

“नाही. तो तेव्हाच हलत नव्हता.”

“साहेब वाजवताना हात कुठं टेकवायचे?”

मी डोळे मिटले. कामगार कॉलनीचा मांडव, मी पहिल्या रांगेत, आणि ह्यांचा उजवा तळवा जाड तारेच्या मुळाशी. मी बोट ठेवून दाखवलं. बरोबर त्या स्क्रूवर.

पावफेऱ्यांनी ड्रिल खाली ठेवलं. “घामानं धरलाय त्यो. म्हंजी साहेबांनी जिथं लावला तिथंच हाय. बाकी सात तुमी इस्कटले, ह्यो एकच ऱ्हायलाय. ह्याला हात न्हाई लावायचा.” मग स्टीलची पट्टी घेतली. “मला गाण्यातलं कळत न्हाई. उंचीतलं कळतं.” त्या एका स्क्रूवरून त्यांनी त्याचा जोडीदार उचलला, त्यावरून दुसरी तार, मग तिसरी, चौथी. पाव पाव फेरा करत पूर्ण दुपार गेली.

घोडी गिटारवर चढवायला ते आमच्या घरी आले. तारा लावून झाल्यावर अंगठ्याने जाड तार छेडली. कपाटाच्या काचा हलक्या घुमल्या.

“ह्योच आवाज का?”

“हाच,” मी म्हणाले.

“मंग लाल रंग हाय का घरात?” टूलरूममध्ये एकदा जुळवलेल्या स्क्रूला लाल ठिपका देतात, तो दिसला की कोणी पाना लावत नाही. ईरा, तू उन्हाळ्यात विसरून गेलेली नखं रंगवायची बाटली मी आणून दिली. त्यांनी श्वास रोखून ठिपका दिला आणि बाटली बंद करून मला परत केली.

गेल्या महिन्यात पावफेरे गेले. काळेवाडीच्या चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता. त्यावर त्यांचं खरं आडनाव मी पहिल्यांदा वाचलं. खाली मोठ्या अक्षरांत ‘पावफेरे’ लिहिलं होतं. त्यांच्या मुलीने ती पत्रिका मला दाखवली, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली. पाकिटावर माझंच अक्षर.

आणि परवा, अद्वैत, तुझा निरोप आला: आजी, घोडीवर लाल काहीतरी लागलंय, खरवडून काढू का?

काढू नकोस. बाकीचे सात स्क्रू तुझे आहेत. तुझ्या हाताला बसतील तसे फिरव, एका वेळी पाव फेरा. आठवा तुझ्या आजोबांनी लावलेला आहे.