तीन देशांची लाइन

द्वारकाबाई रोज सकाळी बिनसाखरेचा चहा घ्यायच्या आणि कप खाली ठेवता ठेवता सुनेला विचारायच्या, "काय म्हनत्यात गं तिकडचे?" संजीवनी मोबाइलवर बातम्या चाळायची आणि नकारार्थी मान हलवायची. उसाच्या मुलखात राहून या बाईनं गोड सोडलं होतं.

तिकडचे म्हणजे तीन देशांचे मंत्री. नेपाळच्या डोंगरातली वीज आपल्या तारांवरून बांगलादेशात न्यायची, असं तिघांनी मिळून ठरवलं होतं. द्वारकाबाईंचा एकुलता गोकुळ इंदापूर सोडून त्या लाइनचे टॉवर उभारायला गेला. आई नरसिंहपूरला नवस बोलली: लाइन चालू होऊन पोरगं घरी आलं, की मगच गोड खाईन. गोकुळ टॉवरवरून पडला आणि पेटीतून घरी आला. तरी द्वारकाबाईंनी नवस सोडला नाही. "पोरगं गेलं, निदान त्याची लाइन तरी चालू होऊ दे," एवढंच त्या धरून बसल्या.

तारा ओढून झाल्या, वीज काही सोडली गेली नाही. कधी दरावर अडायचं, कधी एखादं सरकार पडायचं. मंत्री पुन्हा भेटायचे, हात मिळवायचे, पुढची तारीख घ्यायचे. शेजारची विजयमाला चिडवायची, "काकी, पुढच्या बैठकीला तुमालाच धाडू. तिघास्नी दम भरून या."

"जाते की. भाकरी बांधून दे."

संजीवनीला मात्र हसू यायचं नाही. आपला नवरा कशासाठी तरी गेला, एवढं तिलाही हवं होतं.

उन्हाळ्यात द्वारकाबाई झोपेतच गेल्या. दहाव्याला भीमा-नीरेच्या संगमावर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून होते, एकही खाली येईना. सासरे रावजी हात जोडून म्हणाले, "संजीवनीला लेकीवानी सांभाळीन." कावळे हलले नाहीत. ऊन चढलं, पाय भाजू लागले. विजयमाला हळूच रावजींना म्हणाली, "तात्या, लाइन चालू करतो म्हना की. कोन बघाया जातंय तितं?"

"कुनाच्या जिवावर म्हनू? तीन सरकारं काय माज्या शब्दातली हायती व्हय?"

सगळे संजीवनीकडं बघू लागले. ती पिंडापुढं बसली. 'झाली चालू, आत्या,' एवढंच म्हणायचं होतं. पण इतक्या वर्षांत तिनं सासूला एकदाही खोटी बातमी सांगितली नव्हती. ती नुसते हात जोडून उठली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला. लोक उठले, चपला शोधू लागले.

परतताना जीपमध्ये संजीवनीला सासूचं शेवटचं बोलणं आठवलं. जायच्या आदल्या संध्याकाळी, अंथरुणावर टेकता टेकता त्या म्हणाल्या होत्या,

"भेंडी सकाळच्यालाच तोड गं. उशीर केला की निबर व्हती."