आईची कवडी कळंबोलीत

आक्का, मी गाव सोडलं त्या दिवशी तू माहेरी आली होतीस. ब्याण्णव साल, उन्हाळ्याची अखेर. साताऱ्याहून मुंबईला जाणारी एसटी आपल्या फाट्यावर थांबायची, आणि आई वाकळेचं गाठोडं डोक्यावर घेऊन माझ्या पुढं चालत होती. मी म्हटलं, आण इकडं, तर दिलं नाही. त्या वाकळेत तिची दोन जुनी लुगडी शिवलेली होती, दादांचं एक धोतर होतं आणि तुझ्या परकराचं निळं कापड होतं. खिडकीतून गाठोडं आत ढकलताना ती म्हणाली, "तितली हवा कशी असंल कुनाला ठावं. अंगावर घरचं असू दे." गाडी निघाली तेव्हा तुम्ही दोघी हात न हलवता नुसत्या उभ्या होतात. मलाही काही वाटलं नव्हतं. पुढच्या सीटवरच्या बाईची पिशवी माझ्या पायावर आली होती, तेवढंच लक्षात आहे.

हे मी तुझ्यासाठी लिहितोय, आणि आपल्याकडून इकडं आलेल्या माझ्यासारख्यांसाठीही, म्हणून तुला माहीत असलेलं थोडं सांगावं लागेल. दादा, म्हणजे आपले वडील, होते तोवर घरात मांजर नव्हतं. ते गेले, कणगीत उंदीर झाले, आणि आईनं शेजारून एक पिल्लू आणलं. पांढरं, पाठीवर दोन पिवळे ठिपके. नाव कवडी. मी त्या वर्षी राखणीला मळ्यातल्या छपरातच झोपायचो, त्यामुळं माझा आणि कवडीचा संबंध आला नाही. आई अंगणात लुगडी पसरून, चार कोपऱ्यांना दगड ठेवून वाकळ शिवायला बसली, की ही मधोमध येऊन बसायची. आई तिला उठवायची नाही. तिच्या कडेकडेनं टाके घालत जायची आणि शेवटी ती आपणहून उठेपर्यंत थांबायची. त्या वाकळा बघ, मध्यावरचे टाके जरा घाईघाईनं घातलेले आहेत.

कळंबोलीच्या लोखंडबाजारात मला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काम मिळालं. कुठला ट्रेलर निघाला, कुठला अडकला, कुठला ड्रायव्हर कुठल्या ढाब्यावर फोन न उचलता जेवत बसलाय, हे शोधून काढायचं. दिवसभर सळया आदळल्याचा आवाज आणि लाल धूळ. पहिल्याच महिन्यात शिंका सुरू झाल्या, मग खोकला, मग श्वास घेताना छातीत शिट्टी वाजायला लागली. ऑफिसातले सावंत म्हणाले, "टेन्शन नको घेऊ. लोखंडाची धूळ आहे. सहा महिन्यांत फुप्फुसं गंजतात, मग काय वाटत नाय." बाजारात सगळे हेच सांगत होते आणि मला ते पटत होतं. परक्या ठिकाणी काही दुखलं की दोष त्या ठिकाणाचाच असणार, याबद्दल आपल्या लोकांना कधी शंका येत नाही.

आईला कळवलं तर तिनं शेजारच्या मास्तरांकडून उत्तर लिहून घेतलं. चार दिवस घरी ये, हवापालट होईल. मी गेलो, आणि दुसऱ्या दिवशी असा धापा टाकायला लागलो की आईनं देवाला नवस बोलला. "मुंबईचं दुखणं घिऊन आलाय पोरगा," ती आल्यागेल्याला सांगत होती. कवडी माझ्या उशाशी बसून होती. आजारी माणसाजवळ मुकं जनावर बसतं म्हणून सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. मी कळंबोलीला परतल्यावर आईनं गुळाच्या ट्रकबरोबर आणखी जाड वाकळ पाठवली. पुढच्या वर्षी आणखी एक. माझा दम वाढेल तशा वाकळा वाढत गेल्या. चार झाल्या. दोन खाली, दोन वर घेऊन मी झोपायचो, आणि सकाळी उठून लोखंडाला शिव्या द्यायचो.

लग्न झाल्यावर सुनंदानं मला ओढत कॉलनीतल्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. अंगात ताप होता म्हणून वाकळ पांघरूनच गेलो होतो. बाईंनी छाती तपासली आणि वाकळेच्या टाक्यात अडकलेला एक पांढरा केस चिमटीत धरून विचारलं, "घरात मांजर आहे?"

"नाही."

"मग हे केस काय तुमचे?"

सुनंदानं चारही वाकळा उकळत्या पाण्यातून काढल्या आणि पेटीत घालून पेटी माळ्यावर टाकली. महिन्याभरात शिट्टी थांबली, त्याच बाजारात, त्याच लाल धुळीत. सावंतांना सांगितलं तर ते थोडे नाराजच झाले.

आता जे मी तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो. आईलाही मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं त्याच तासाला कवडीला पोत्यात घालून ओढ्यापलीकडं सोडलं असतं. सुनंदा म्हणायची, एवढं काय, सांगा की. मी म्हणायचो, आईला तेवढीच सोबत आहे. गावी सकाळच्या गाडीनं यायचो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचो. रजा नाही, ट्रेलर अडकलाय, साहेब ओरडतात. येताना डॉक्टरीणबाईंनी दिलेली ॲलर्जीची गोळी खाऊन यायचो, म्हणून अर्धा झोपेतच असायचो. तू एकदा म्हणालीस, "उंबऱ्यावर बसून परत जातुयास, पाव्हण्यासारखा." मी हसलो होतो. खरं म्हणजे उंबऱ्याच्या आत मला श्वास येत नव्हता.

आईच्या सोबतीसाठी गप्प बसलो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. ते अर्धंच खरं आहे. कवडी गेली असती तर आई एकटी पडली असती, आणि मग मला तिला इकडं आणावं लागलं असतं, नाहीतर मला तिकडं परत यावं लागलं असतं. वन रूम किचनमध्ये आम्ही दोघं कसेबसे मावत होतो, आणि परत यायचं माझ्या मनात नव्हतं. कवडी तिथं होती म्हणून मला इथं राहता येत होतं.

शहाण्णवच्या दिवाळीनंतर आई आमच्याकडं आली. महिनाभर राहणार म्हणून आली होती. तिच्या लुगड्यांना कवडीचे केस होते, पिशवीला होते, शालीला होते. ती शेजारी बसून माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली की माझा दम सुरू व्हायचा, आणि मी काहीतरी निमित्त काढून उठायचो. गॅलरीत जायचो, पाणी प्यायचो, खाली दूध आणायला जायचो. तीन दिवस तिनं बघितलं. चौथ्या दिवशी मी भिंतीपलीकडं दाढी करत होतो आणि ती स्वयंपाकघरात सुनंदाला विचारत होती, "माज्या अंगाला वास येतुया का गं?"

सुनंदा दारात आली आणि तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवून तिला गप्प केलं. तेव्हा सांगायचं होतं, आक्का. एका वाक्याचं काम होतं. तोंडाला साबण लावून मी तसाच उभा राहिलो. त्या दिवसापासून आई दोनदा आंघोळ करायला लागली आणि माझ्यापासून जरा लांब, दाराजवळ बसायला लागली. सहाव्या दिवशी म्हणाली, कवडी उपाशी मरंल, मला गाडीत बसवून दे. नाक्यावर मी तिला गाडीत बसवलं. तिनं मला जवळ ओढलं नाही, नुसतं बोटं कडाकडा मोडून माझी दृष्ट काढली.

दोन वर्षांनी ती गेली. मी पोचलो तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. निरोप आल्यापासून मला काहीच होत नव्हतं, गाडीत मी भेळ खाल्ली होती. गोळी घ्यायची राहिली होती. घरात शिरलो, तिच्या अंथरुणावर बसलो, आणि डोळे वाहायला लागले ते दहाव्यापर्यंत थांबले नाहीत. बायका म्हणाल्या, लेकानं लई जीवाला लावून घेतलं. तू म्हणालीस, "जित्तेपनी आला न्हाईस, आता रडतुयास." तुझं बरोबर होतं. ते रडणं नव्हतं. माझ्या आत सगळं गार होतं, आणि वरून नुसतं पाणी चाललं होतं.

तेराव्यानंतर घराला कुलूप लावताना तू कवडीला माझ्या पुढ्यात ठेवलंस. म्हणालीस, "हिला तरी ने. तुज्यापेक्षा हिनं जास्त केलं आईचं." तू रागानं बोललीस हे मला कळत होतं. मी तिला झाकणाच्या करंडीत घातलं आणि कळंबोलीपर्यंत मांडीवर आणलं.

तिला येऊन वर्ष होत आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला मरायचंय का? द्या कुणाला तरी." सुनंदा रोज फरशी दोनदा ओल्या फडक्यानं पुसते. कवडीचं अंथरूण गॅलरीत आहे आणि मी रोज सकाळी गोळी घेतो. गोळीनं शिंका थांबतात, पण बाकीचंही थांबतं. डोकं जड होतं, माणसं लांबून बोलल्यासारखी वाटतात, ट्रेलर उलटला तरी मी शांतपणे फोन ठेवतो. ऑफिसात म्हणतात, हा आता सुधारला.

रविवारी मी गोळी घेत नाही. दुपारी जेवण झालं की दम्याचा पंप हाताशी ठेवतो आणि कवडीला मांडीवर घेतो. ती म्हातारी झालीय, लगेच झोपते. पंधरा-वीस मिनिटांत नाक बंद होतं आणि डोळे वाहायला लागतात. त्यातलं मांजराचं किती आणि आईचं किती, हे मला सांगता येत नाही, आक्का. गाव कुठलं असं कुणी विचारलं तर मी अजून आपल्याच गावाचं नाव सांगतो. पण घर म्हणशील, तर माझ्याकडं आता तेवढंच आहे, रविवारी दुपारी, छातीत शिट्टी वाजायला लागेपर्यंत. मग सुनंदा येते आणि कवडीला उचलून गॅलरीत नेते.